राजाराम मिस्त्री आणि जपानी गाडीचा डावा-उजवा

राजाराम परब हा जळका माणूस होता, हे आधीच सांगून टाकतो. तू कोण सांगणार, असं कुणी विचारेल. मी धोंडू. त्याच्या शेजारच्या गाळ्यात सायकली दुरुस्त करणारा. आमच्या दोघांच्या मध्ये फक्त एक पत्र्याची भिंत होती, आणि पत्र्यातून काय ऐकू येत नाही? शिवाय जळणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. त्याच्या दारात फटफट्या उभ्या राहायच्या, माझ्या दारात पंक्चर झालेल्या सायकली. त्याला लोक मिस्त्री म्हणायचे, मला 'ए धोंडू'. त्यामुळे त्याच्या पोटात कधी दुखायला लागलं हे मला त्याच्याआधी कळायचं.

आमचे गाळे काळाचौकीवरून कॉटन ग्रीनकडे जाणाऱ्या रस्त्याला. पलीकडे कापसाची गोदामं. वारा सुटला की कापूस उडून यायचा आणि वंगण लागलेल्या पान्यांना चिकटायचा. राजाराम मूळचा देवगडकडचा. लढाईच्या दिवसांत लष्कराच्या वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागला, तिथे इंग्रजी फटफट्या खोलायला शिकला आणि लढाई संपल्यावर हा गाळा धरून बसला. इंजिनाचं सगळंच काम करायचा, पण नाव झालं ते कारबुरेटरमुळे. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारं ते भांडं. ते बिघडलं की गाडी घुसमटते, धूर ओकते, उभ्या उभ्या बंद पडते. लालबागपासून दादरपर्यंत कुणाच्या गाडीला असलं दुखणं लागलं की लोक सांगायचे, राजारामकडे ने.

त्याची एक रीत होती. गाडी चालू करायचा, पेचकसाचं टोक कारबुरेटरवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. मग रस्त्यावरून कुणाची वरात जावो नाहीतर मोर्चा जावो, त्याला इंजिनाच्या पोटातलं सोडून काही ऐकू यायचं नाही. कुणी तोंड उघडलंच तर डोळे न उघडता म्हणायचा, "गप ऱ्हव. आयकाक दी."

हे सगळ्यात जास्त वेळा ऐकलं त्याच्या बायकोने. चंपावहिनी घरी खाणावळ चालवायची, गावाकडचे गिरणीतले गडी तिच्याकडे जेवायला असायचे. त्यांची पंगत उरकली की राजारामचा डबा ती स्वतः घेऊन यायची. बाई बोलकी. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्च्यात कायम पुढे. एकदा पोलिसांनी धरून गाडीत कोंबली, तर म्हणे गाडीतसुद्धा घोषणा देत होती. घरून गाळ्यापर्यंत येताना रस्त्यात जे जे दिसेल ते तिला सांगायचं असायचं. आणि हा गृहस्थ जेवतानाही समोरच्या इंजिनाला कान लावून बसलेला. ती दोन वाक्यं बोलली की तिसऱ्याला 'गप'. मग ती डबा विसळायची आणि जाताना माझ्या दारात थांबून म्हणायची, "धोंडूभावजी, तुमच्या मित्राक देवान कान दिले ते नुसते गाडयेसाठी."

मी हसायचो, पण मला राग यायचा. माझी बायको गावी. मी दुपारी चहात पाव बुडवून खाणार, आणि या शहाण्याकडे कुळथाची पिठी, भाजलेला बांगडा आणि वर बोलायला माणूस चालत येतं, तर हा त्याला गप बसवतो! काही लोकांना मिळालेलं कळत नाही.

एकोणसाठ साल संपत आलेलं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार असं सगळीकडे बोललं जात होतं, आणि अशात एका दुपारी रमाकांत दळवी ती जपानी गाडी ढकलत आमच्या दारात आला. हा दादरचा. कॉटन ग्रीनला एका जपानी कापूस कंपनीच्या ऑफिसात कारकून. तिथल्या जपानी साहेबाने येताना बोटीतून आपली जुनी फटफटी आणली होती. साहेब मायदेशी परतला आणि जाताना गाडी याला देऊन गेला. दोन सिलिंडरची गाडी, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कारबुरेटर. आमच्याकडे येणाऱ्या इंग्रजी गाड्यांना एकच असायचा. राजारामने गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून पाहिलं, आणि त्याचा चेहरा खुलला. लग्नातसुद्धा एवढा खुलला नसेल.

"पेट्रोल गळतं, मिस्त्री," रमाकांत म्हणाला. "आणि सिग्नलला उभी केली की मरते."

"बघतंय," राजाराम म्हणाला.

रमाकांत उंच, गोरा, इस्त्रीचे कपडे. हे एक वेळ चाललं असतं. पण त्याचं ऑफिस जवळ होतं. गाडी कशी होतेय ते पाहायला तो रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा आणि गाळ्याच्या पायरीवर रुमाल पसरून बसायचा. नेमकी तीच चंपावहिनीची डबा घेऊन यायची वेळ.

पहिल्याच दिवशी ती नायगावच्या सभेतली काहीतरी गंमत सांगायला लागली. राजाराम नेहमीप्रमाणे गप म्हणाला. ती थांबली. तेव्हा पायरीवरून रमाकांत म्हणाला, "मग पुढे काय झालं, वहिनी?"

एवढंच म्हणाला. पण तिला असं कुणी विचारलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. तिने पुढे काय झालं ते सांगितलं, त्याच्याही पुढचं सांगितलं, आणि शेवटी दोघं एवढ्या मोठ्याने हसली की समोरचा गोदामवाला बाहेर येऊन पाहायला लागला.

राजाराम त्या वेळी कारबुरेटर खोलत होता. कुठलाही भाग काढला की तो फडक्यावर ओळीने मांडायचा, ही त्याची लष्करातली शिस्त. दोन कारबुरेटर म्हणून त्याने दोन फडकी अंथरलीही होती. पण तो हसण्याचा आवाज आला, त्याची मान पायरीकडे वळली ती वळलीच, आणि हातांनी दोन्ही कारबुरेटरांचं सगळं सामान घासलेटच्या एकाच परातीत टाकून दिलं. मी वंगण मागायला गेलो होतो, माझ्या डोळ्यांदेखत झालं हे.

धुऊन काढल्यावर पाहतो तर सगळं जुळं. बाहेरची दोन भांडी एकमेकांसारखी, आतल्या दोन सुया सारख्या, दोन स्लाइडी सारख्या. स्लाइड म्हणजे वरखाली सरकून हवेची वाट उघडणारा, मिटणारा नळकांड्यासारखा तुकडा. फरक एकच. भांड्यांच्या पोटावर एकेक जपानी अक्षर उठवलेलं होतं. दोन्ही अक्षरांची डोकी सारखी, पण एकाच्या खाली दोऱ्याचं रीळ उभं ठेवावं तसं काहीतरी, आणि दुसऱ्याच्या खाली चौकट.

"ह्या काय असतला?" मी विचारलं.

"कंपनीचो नंबर," राजाराम म्हणाला. त्याचं लक्ष अजून पायरीवर होतं.

त्याने भांडी इंजिनावर चढवली आणि हाताला येतील त्या स्लाइडी वरून सोडल्या. एका कारबुरेटरच्या गाडीत स्लाइड उलटी बसतच नाही, आत खीळ असते, ती अडवते. त्यामुळे न अडकता खाली गेली म्हणजे नीट बसली, हा त्याचा हयातभराचा हिशेब. या दोन्ही तर लोण्यासारख्या खाली गेल्या. त्याने किक मारली. गाडी सुरू झाली आणि एवढी किंचाळली की चंपावहिनीने कान झाकले. रेस कमी केली तर मेली. पुन्हा किक, पुन्हा किंचाळणं, पुन्हा मेली. गाडी आली होती त्यापेक्षा बिघडली.

तिथून पुढे शेजारच्या गाळ्यात जे चाललं ते बघून मला खरं तर मजा वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. राजारामने सुया वर केल्या, खाली केल्या. बारीक भोकं तोंडाने फुंकून साफ केली. ठिणगी तपासली. ठिणगीला वीज पुरवणारा, चांगला चालणारा मॅग्नेटो उगाच खोलला. गाडी होत नाही म्हणून रमाकांत रोज येणार, रमाकांत येतो म्हणून याचं चित्त थाऱ्यावर नाही, आणि चित्त थाऱ्यावर नाही म्हणून गाडी होत नाही. त्याला तो माणूस दारातून जायला हवा होता, आणि त्याला घालवायचा एकच उपाय होता, गाडी दुरुस्त करणं. ते काही केल्या जमत नव्हतं.

चंपावहिनीचा डबा मात्र लवकर यायला लागला आणि रिकामा डबा उशिरा जायला लागला. एकदा ती रमाकांतला भावजी म्हणाली. तो गेल्यावर राजाराम उसळला.

"भावजी? माझो भाव कधी झालो तो?"

"मगे काय सायब म्हणू?" ती म्हणाली आणि डबा उचलून चालती झाली.

तो माझ्याकडे वळला. "धोंडू, मघाशी ती कित्याक हसली रे?"

"तूच इचार ना."

"माका काय पडलीसा!" तो म्हणाला, आणि पाना असा आपटला की माझ्या भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

मी त्याला सरळ सांगितलं, अरे, हा रमाकांत साहेबाच्या हाताखाली राहिलेला, त्याला ती अक्षरं येत असतील, विचार की एकदा. राजारामच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्याका इचारू? माझ्या गाळ्यात बसान? मी मेलंय तरी इचारूचंय नाय!"

मग एका दुपारी मी पाहिलं, तो गाडीपाशी उकिडवा बसलाय, पेचकसाचं टोक कारबुरेटरवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. आणि गाडी बंद! किकसुद्धा मारलेली नव्हती. इंजिन ऐकायचं सोंग करून हा पायरीवरचं बोलणं ऐकत होता. मला एवढं हसू आलं की मी माझ्या गाळ्यात पळालो आणि पत्र्याला कान लावला. आता मला कुणी नावं ठेवू नयेत.

चंपावहिनी विचारत होती, "भावजी, तुम्हाला जपानी वाचता येतं?"

"चार अक्षरं. गोदामाच्या दारांवर साहेब खडूने लिहायचा." रमाकांतने बहुतेक पायरीवरच्या धुळीत बोट फिरवलं असावं, कारण तो म्हणाला, "हे बघा. खाली रीळ काढलं की डावा. खाली चौकट काढली की उजवा. साहेब म्हणायचा, ती चौकट म्हणजे तोंड. ज्या हाताने तोंडात घास जातो तो उजवा."

"अगो बाय! म्हणजे जपान्यांचाही जेवायचा हात उजवाच?" ती म्हणाली, आणि पुन्हा हसू.

पत्र्यापलीकडे काहीतरी खळकन पडलं. मी डोकावलो. राजाराम डोळे उघडे टाकून दाराशी काढून ठेवलेल्या स्वतःच्या चपलांकडे बघत होता. मग त्याने दोन्ही स्लाइडी उपसून काढल्या, तळहातावर शेजारी शेजारी धरल्या आणि उजेडाकडे वळवल्या. तेव्हा मलाही दिसलं. खिळीसाठी असलेली खाच एकीला या अंगाला होती, दुसरीला त्या अंगाला. त्या जुळ्या नव्हत्याच. चपलांसारखा डावा-उजवा जोड होता. डावी उजव्यात घातली की ती आत जायची, पण पाठ फिरवून बसायची. स्लाइडीच्या तळाला एका बाजूने तिरपा काप असतो, तो हवेकडे असायला हवा, तो इंजिनाकडे व्हायचा. म्हणूनच गाडी किंचाळत होती.

रिळाचं भांडं डाव्या अंगाला आणि चौकटीचं उजव्या अंगाला आहे हे त्याने पाहून घेतलं, आणि डावी डाव्यात, उजवी उजव्यात सोडली. दोन्ही भांड्यांच्या तोंडात एकेक बोट घातलं आणि रेसची मूठ हलकेच पिळली. दोन्ही स्लाइडी एकाच क्षणी उचलल्या जायला हव्यात, एक आधी उठली तर एक सिलिंडर ओढणार आणि दुसरं लोळणार. त्याने केबल ढिली केली, आवळली, पुन्हा बोटं घातली. हवेचे स्क्रू तळाला नेऊन थोडे थोडे मागे घेतले. मग किक मारली आणि मागे जाऊन दोन्ही धुराड्यांपाशी दोन तळवे धरले. दोन्ही तळव्यांवर सारखी फुंकर येईपर्यंत तो स्क्रू चिमूटभर फिरवत राहिला. गाडी अशी शांत उभी राहिली की टाकीवर ठेवलेला पेचकससुद्धा हलला नाही. असं काम मला जन्मात जमणार नाही. ते पाहताना माझं काळीज जळलं, हेही लिहून ठेवतो.

"कमाल केलीत, मिस्त्री!" रमाकांत म्हणाला. "नेमकं काय झालं होतं?"

"कचरो होतो," राजाराम म्हणाला. चोरून ऐकलेलं कसं सांगणार? "आता पुन्हा येवची गरज नाय."

ते शेवटचं वाक्य त्याने दोनदा म्हटलं. रमाकांतने हात जोडले, "येतो, वहिनी," म्हणाला, आणि गाडी घेऊन गेला.

राजाराम त्या दिवशी स्वतःहून मला चहा पाजायला घेऊन गेला. असा प्रकार पूर्वी कधी घडला नव्हता. दुसऱ्या दुपारी चंपावहिनी डबा घेऊन आली, तो जेवला, तिने डबा विसळला, गेली. माझ्या दारातही थांबली नाही. त्याच्या पुढच्या दुपारीही तसंच. नंतर डबा खाणावळीतल्या एका गड्याबरोबर यायला लागला. राजारामला आता गप म्हणायची गरजच पडत नव्हती. पण मी पाहत होतो, तो कानाला पेचकस लावून बसला की मधेच डोळे उघडायचा आणि पायरीकडे बघायचा.

मग एक दिवस गडी आजारी होता म्हणून ती स्वतः आली. राजारामने घास हातात धरून विचारलं, "आज बाजारात काय नवीन?"

"काय नाय."

मग रमाकांतचा विषय काढल्याशिवाय त्याच्याने राहवेना. "त्याच्यावांगडा इतक्या काय बोलत होतंस?"

मला वाटलं आता भांडण पेटणार. पण तिचा आवाज चढला नाही. "काय बोलतलंय? गिऱ्हायकान भात कसो मागलो. मोर्च्यात कोण पडला. आवशीची याद येता, ता. तुमका सांगूक गेलंय तर तुमी गप म्हणतास. तो आयकत होतो. तितक्याच."

राजारामने घास परत डब्यात ठेवला. ती उठली आणि डबा न विसळताच घेऊन गेली.

साठ सालच्या एक मेला, महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी, लालबागला कोण आनंद! गुलाल, लेझीम, घराघरांवर तोरणं. आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला उभे होतो. वहिनी नवी साडी नेसून, कपाळभर गुलाल लावून घोषणा देत होती. एवढ्या गोंगाटात राजारामने एकदम मान वर केली. त्याला गाडीचा आवाज आला होता. दोन सिलिंडर, एक चाल. मिरवणुकीतून रमाकांत झेंडा लावलेली ती फटफटी मुंगीच्या पावलांनी चालवत आला. एवढ्या सावकाश चालीला दुसरी कुठलीही गाडी दहा वेळा मेली असती. ही एकदाही अडखळली नाही, एकदाही थांबली नाही. वहिनीने हात उंच केला, "भावजी!" म्हणून हाक मारली. तो पुढे बघत होता. गाडी समोरून निघून गेली. तिने वर केलेला हात खाली आणला आणि पदर उगाच सारखा केला. राजाराम गाडीकडे पाहत नव्हता. तो तिच्याकडे पाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या गाळ्यात आला. "धोंडू, माका कॉटन ग्रीनाक सोड."

तो माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसला. रमाकांतच्या ऑफिसखाली गाडी सावलीत उभी होती. राजारामने इकडेतिकडे पाहिलं आणि गुडघे टेकले. मला वाटलं, आता हा मत्सराने केबल कापणार, आणि खोटं कशाला बोलू, मला ते बघायचंही होतं. पण त्याने खिशातून छोटा पेचकस काढला, डाव्या कारबुरेटरचा स्क्रू अर्धा फेरा बाहेर घेतला आणि उजव्याचा अर्धा फेरा आत. बस. ज्या माणसाने आयुष्यात कुणाच्या गाडीचा स्क्रू केसभर चुकीचा ठेवला नाही, त्याने चांगली लागलेली गाडी स्वतःच्या हाताने बिघडवली.

त्याच्या पुढच्या दुपारी खोकत, फटाके फोडत ती गाडी आमच्या दारात आली. राजारामने ती वळणावर असतानाच ऐकली असावी, कारण ती दारात पोचण्याआधीच तो मला सांगून गेला होता, "घराकडे जा. सांग, डबो आज तिणाच घेवन येवचो."

मी सांगून आलो. वहिनी आली. पायरीवर रमाकांत रुमाल पसरून बसला होता. ती दारातच थबकली. एकदा गाडीकडे पाहिलं, मग राजारामकडे, जरा जास्तच वेळ. मग डबा आत ठेवला आणि पायरीवर जाऊन बसली. आधी जपून बोलली. मग बांध फुटला. मिरवणूक, गुलाल, खाणावळीतले गडी, आईची आठवण, सगळं. रमाकांत म्हणाला, "मग पुढे काय झालं?" आणि ती खळखळून हसली.

आत राजाराम जळत होता. मला कुणी सांगायला नको, मी तो चेहरा रोज दाढी करताना बघतो. गालाचं हाड वर आलेलं. दोन स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवायचे होते. माझ्या सायकलच्या पेचकसाने मीसुद्धा केलं असतं.

"मिस्त्री," रमाकांतने पायरीवरून विचारलं, "किती वेळ लागेल?"

राजारामने बायकोकडे पाहिलं. ती अजून हसत होती, पदराने डोळे पुसत होती.

"आठवडो तरी जातलो," तो म्हणाला.